जयपूरचा नाताळ: कामट्या, कतरन आणि कागद

२०११ च्या जनगणनेनुसार राजस्थानच्या लोकसंख्येत ख्रिस्ती समाजाचे प्रमाण ०.१४ टक्के इतके अल्प आहे. मात्र त्याच राज्याच्या राजधानीतून, म्हणजे जयपुरातून, नाताळच्या सजावटीच्या वस्तू अनेक वर्षांपासून युरोप-अमेरिकेत जात आल्या आहेत. शहराच्या सांगानेर भागातील हातकागदाचे घडीचे तारे, छापील कापडात कापूस भरून शिवलेले पक्षी व हत्ती, गोटा ही सोनेरी-रुपेरी फीत लावलेल्या लड्या अशा या वस्तू परदेशी दुकानांसाठी काही महिने आधीच रवाना होतात, आणि डिसेंबर उजाडतो तेव्हा खुद्द जयपूरच्या बाजारात चीनमधून आलेली प्लॅस्टिकची झाडे, चकचकीत झिरमिळ्या आणि लाल टोप्या यांचीच गर्दी दिसते. कमी पैशांत घर सजवू पाहणाऱ्या कुटुंबाने या विसंगतीकडे नीट पाहण्यासारखे आहे, कारण जी वस्तू परदेशात हस्तकला म्हणून चढ्या भावाने विकली जाते तिचा कच्चा माल जयपुरात बहुधा दुसऱ्या कुठल्या तरी धंद्यात उरलेला असतो: शिंप्याकडची कतरन (कपडा बेतल्यावर उरलेले तुकडे), पतंगवाल्याच्या कामट्या, रजईवाल्याचा कापूस.

जयपूरचा ख्रिस्ती जगाशी आलेला संबंध मिशनकाळापेक्षा जुना आहे. १७२७ मध्ये शहर वसवणाऱ्या सवाई जयसिंगाला ग्रहताऱ्यांच्या गणिताची ओढ होती. त्यापायी त्याने पोर्तुगालला शिष्टमंडळ धाडले, आणि १७३४ मध्ये चंद्रनगरच्या फ्रेंच वसाहतीतून बूदिए आणि पाँ हे दोन जेझुइट, म्हणजे येशूसंघाचे विद्वान धर्मगुरू, त्याच्या बोलावण्यावरून जयपुरात आले. पुढे एकोणिसाव्या शतकात स्कॉटलंडच्या प्रेस्बिटेरियन मिशनने राजपुतान्यात शाळा आणि दवाखाने काढले. आज घाटगेटचे सेक्रेड हार्ट चर्च, चांदपोलचे सेंट अँड्र्यूज चर्च आणि ऑल सेंट्स चर्च ही शहरातील परिचित प्रार्थनास्थळे असून कॅथलिकांचा जयपूर धर्मप्रांत २००५ मध्ये स्वतंत्र झाला. जुन्या मिशन परंपरेतील कुटुंबे, केरळातून आलेल्या परिचारिका व शिक्षक, दक्षिण राजस्थानातून कामासाठी आलेले आदिवासी ख्रिस्ती असा हा संमिश्र समाज आहे, आणि त्यातील अनेकांच्या बाबतीत ‘घर’ या शब्दाचा अर्थ भाड्याच्या दोन खोल्या, भिंतीला खिळा ठोकायला मनाई करणारा मालक आणि एक अरुंद गच्ची एवढाच असतो. सजावटीचा विचार करताना ही चौकट धरूनच करावा लागतो.

खर्चाची तरतूद कमी असली की प्रत्येक गोष्टीत थोडी थोडी काटकसर करावी, असा सर्वसाधारण समज आहे आणि तो चुकीचा आहे. सगळ्याच वस्तू स्वस्तातल्या घेतल्या की घर सजलेले दिसण्याऐवजी नुसते भरलेले दिसते. त्यापेक्षा रोख पैसा दिव्यांवर आणि त्यांच्या सुरक्षित वायरिंगवर खर्चावा आणि उरलेले सारे शहरातील शिल्लक मालातून उभे करावे, ही वाटणी अधिक फलदायी ठरते. ही शिल्लक एकाच रंगसंगतीत बसवली की तिचे शिल्लकपण दिसेनासे होते, आणि याचे उत्तम उदाहरण जयपूर शहर स्वतःच आहे. परकोटातील, म्हणजे तटबंदीच्या आतील, बहुतेक इमारती ओबडधोबड दगडांत बांधून चुन्याने गिलावा केलेल्या आहेत. मुघल राजधान्यांतील लाल वालुकाश्माचा भास त्यांना केवळ रंगाने आणून दिला आहे. १८७६ मध्ये प्रिन्स ऑफ वेल्सच्या आगमनानिमित्त महाराजा सवाई रामसिंग यांनी शहराला सरसकट गुलाबी रंग दिल्याचे सांगितले जाते, म्हणजे एका पाहुण्यासाठी केलेली आणि सामग्रीच्या मानाने स्वस्त अशी ती सजावटच होती. घरापुरते बोलायचे तर गेरूचा तांबूस रंग, खडूचा पांढरा आणि गोट्याचा सोनेरी एवढे तीनच रंग निवडावेत आणि चौथ्याला दारातच थांबवावे. मग जुनी वर्तमानपत्रे, रिकामे डबे आणि दिवाळीच्या उरलेल्या पणत्याही एका घरच्या दिसू लागतात.

नाताळच्या सजावटीचा मानबिंदू म्हणजे तारा. बेथलेहेमची वाट दाखवणाऱ्या ताऱ्याचे हे प्रतीक आगमनकाळात, म्हणजे नाताळापूर्वीच्या चार रविवारांच्या तयारीच्या काळात, घराबाहेर टांगले जाते आणि ६ जानेवारीला येणाऱ्या तीन राजांच्या सणापर्यंत तेथेच राहते. या ताऱ्यासाठी जयपूरइतकी सोयीची जागा क्वचितच सापडेल, याचे कारण मकरसंक्रांत होय. जयपुरात संक्रांतीला पतंगांचा मोठा उत्सव असतो, आणि त्याच्या तयारीमुळे ऐन डिसेंबरात हांडीपुरा आणि आसपासच्या गल्ल्यांतून पतंग करणाऱ्यांचे काम जोरात चाललेले असते. साहजिकच तासून घेतलेल्या बांबूच्या कामट्या, रंगीबेरंगी पतंगी कागद आणि साधा दोरा हे सर्व एकाच रस्त्यावर, किरकोळ भावात आणि नेमक्या वेळी मिळते. महाराष्ट्रातील वाचकाला या सामग्रीची ओळख वेगळी करून द्यायला नको, कारण घरी केलेला आकाशकंदीलही याच तीन गोष्टींतून होतो.

तारा बांधण्याची रीत सोपी असली तरी तिच्यात थोडी भूमिती आहे. सुमारे दोन फूट लांबीच्या दहा सारख्या कामट्या घेऊन त्यांतील पाच कामट्यांची टोके अशी जोडावीत की पेन न उचलता काढलेली पाच टोकांची चांदणी तयार व्हावी. उरलेल्या पाचांची तशीच दुसरी चांदणी करून ती पहिलीवर ठेवावी आणि फक्त बाहेरची पाच टोके दोऱ्याने एकत्र बांधावीत. आता दोन्ही चांदण्यांच्या मध्यभागी कामट्या एकमेकींना छेदून जो पंचकोन तयार झालेला असतो, त्याच्या पाच कोपऱ्यांत पाच ते सहा इंचांच्या आखूड काड्या आडव्या अडकवल्या की सपाट आकृती दोन्ही बाजूंनी फुगते आणि ताऱ्याला पोट येते. कागद चिकटवायला गव्हाच्या पिठाची खळ पुरते. मागील बाजूचा एक भाग बल्ब आत घालण्यासाठी मोकळा सोडावा आणि टोकांना पतंगी कागदाच्या कातरलेल्या शेपट्या लावाव्यात. काचेची पूड लावलेला मांजा मात्र बांधणीसाठी कधीही वापरू नये. तो बोटे कापतो आणि टाकून दिल्यावर पक्ष्यांचे पंख कापतो. डिसेंबर-जानेवारीत राजस्थानात कधीकधी ‘मावठ’ नावाचा हिवाळी पाऊस पडतो, तेवढ्या दिवशी तारा आत घ्यावा लागतो. एरवी जयपूरची कोरडी हवा कागदाला मानवते, आणि या बाबतीत वसई किंवा गोव्यापेक्षा हे शहर नशीबवान म्हणावे लागेल.

जगात इतरत्रही तारा असाच साध्या सामग्रीतून आला आहे. फिलिपिन्समध्ये बांबू आणि पातळ कागदाचा असाच पाच टोकांचा कंदील नाताळात दारोदारी दिसतो. जर्मनीत हर्नहूट येथील मोरेव्हियन पंथीयांचा अनेक टोकांचा घन तारा एकोणिसाव्या शतकात शाळेतील भूमितीच्या पाठासाठी मुलांकडून कागदात करून घेतला जात असे आणि तेथून तो घराघरांत पोहोचला. म्हणजे कागदाचा तारा गरिबीतून आलेली तडजोड नव्हे. प्लॅस्टिकचा ताराच त्याची नक्कल आहे.

प्रकाशाच्या बाबतीत हिशेब स्पष्ट आहे. ९ वॅटचा एलईडी बल्ब रोज सहा तास याप्रमाणे चाळीस दिवस लावला तर जेमतेम सव्वादोन युनिट वीज लागते, तर त्याच काळात ६० वॅटचा जुना तारेचा बल्ब साडेचौदा युनिटांच्या आसपास खर्ची घालतो. शिवाय तो इतका तापतो की कागदी ताऱ्यात त्याला जागा देणेच धोक्याचे असते. दिवाळीच्या विद्युतमाळा बहुतेक घरांत असतातच, त्यामुळे नव्या घेण्यापेक्षा जुन्यांचे सैल झालेले प्लग आणि सोललेली वायर दुरुस्त करून घेणे हा खरा खर्च होय, आणि त्यात काटकसर करू नये. अनेक रंगांची लुकलुकणारी माळ स्वस्त दिसते. पिवळसर प्रकाशाची स्थिर माळ त्याच किमतीत खोलीला अधिक शोभा देते, हे मत वादग्रस्त असले तरी येथे नोंदवायला हरकत नाही.

कागदाचा विषय निघाला की सांगानेरला वळसा घालून पुढे जाता येत नाही. जयपूरच्या दक्षिणेकडील, आता शहरातच सामावलेल्या, या जुन्या गावात कागजी समाजाचे कारागीर कित्येक पिढ्यांपासून हाताने कागद करीत आले असून आमेरच्या कछवाहा राजांच्या आश्रयाने ते येथे स्थिरावले, असे परंपरा सांगते. हा कागद लाकडापासून होत नाही. कपड्यांच्या कारखान्यांतून येणाऱ्या सुती कतरनी बारीक कापून त्या पाण्यात कुटून लगदा करतात, हौदातील पातळ लगद्यात जाळीची चौकट बुडवून उचलली की तिच्यावर तंतूंचा एक थर राहतो, तो कापडावर उलटून दाबाखाली पाणी काढतात आणि मग ताव वाळवून घोटतात. लगद्यात झेंडूच्या पाकळ्या, गवत किंवा दोरे घातले की त्यांची नक्षी कागदातच उमटते. खादी आणि ग्रामोद्योग आयोगाशी संलग्न अशी कुमारप्पा राष्ट्रीय हातकागद संस्था सांगानेरलाच आहे, आणि तिला नाव दिले आहे ते गांधीवादी अर्थतज्ज्ञ जे. सी. कुमारप्पा यांचे. मराठी मुलुखालाही ही कला परकी नाही: दौलताबाद-खुलताबादजवळचे कागजीपुरा गाव आणि जुन्नर ही तिची जुनी ठिकाणे आहेत, तर पुण्यातील हातकागद संस्था १९४० पासून काम करीत आली आहे.

घरच्या सजावटीत या कागदाचे मोल त्याच्या जाडपणात आहे. साधा कागद घडी घातला की काही दिवसांत ढिला पडतो, सुती तंतूंचा हातकागद मात्र घडी धरून ठेवतो आणि वर्षानुवर्षे वापरता येतो, त्यामुळे तीन-चार मोठे ताव घेतले तरी त्यांतून घडीचे तारे, दारावरची माळ आणि शुभेच्छापत्रे एवढे सगळे निघते. कडा वाकडी झालेले किंवा डाग पडलेले ताव कमी भावात मिळतात का, याची दुकानात चौकशी करून पाहावी. भेटवस्तूंच्या वेष्टनासाठी हातकागद वापरणे मात्र उधळपट्टीचे आहे. तेथे तपकिरी कागदावर अर्ध्या कापलेल्या बटाट्यावर कोरलेल्या चांदणीने गेरूचे ठसे उमटवावेत. सांगानेर आणि बगरू येथील छापकाम लाकडी ठशांनी होते, बटाट्याचा ठसा हे त्याचेच मुलांच्या हाती देण्याजोगे रूप.

झाडाची गोष्ट थोडी अवघड आहे. नाताळवृक्षाची प्रथा जर्मनीतली. १८४८ मध्ये ‘इलस्ट्रेटेड लंडन न्यूज’मध्ये राणी व्हिक्टोरियाच्या कुटुंबाचे सजवलेल्या झाडाभोवतीचे चित्र छापून आल्यानंतर ती इंग्रजी बोलणाऱ्या जगात झपाट्याने पसरली. त्यासाठी लागणारे सूचिपर्णी वृक्ष जयपूरच्या हवेत वाढत नाहीत, आणि रोपवाटिकांत ‘ख्रिसमस ट्री’ म्हणून विकली जाणारी अरोकेरियाची कुंडी उन्हाळ्याच्या झळांत टिकवणे कठीण असते, म्हणून दरवर्षी नवी कुंडी घेण्याचा खर्च कमी बजेटात बसत नाही. याला पर्याय म्हणजे सुकी फांदी. विलायती बाभळीने जयपूरभोवतीच्या टेकड्या आणि मोकळ्या जागा व्यापल्या आहेत, आणि तिची छाटलेली फांदी खडूच्या किंवा चुन्याच्या पाण्याने पांढरी करून वाळू भरलेल्या डब्यात रोवली तर काट्यांमुळे टांगायच्या वस्तूंना वेगळे आकडेही लागत नाहीत. लहान मुलांच्या घरात काटे अर्थातच तासून टाकावेत. खेजडी हा मात्र राजस्थानचा राज्यवृक्ष असल्याने तिला हात लावू नये. ज्या घरात फांदीलाही जागा नाही तेथे भिंतीवर विद्युतमाळच त्रिकोणात फिरवून चिकटपट्टीने लावली तर मालकाची भिंतही शाबूत राहते.

फांदीवर काय टांगावे, याचे उत्तर परकोटातील बाजारांत आहे. गोटा म्हणजे साड्या-ओढण्यांच्या काठाला लावायची सोनेरी-रुपेरी फीत. पूर्वी ती धातूच्या तारेने विणली जाई, आता बहुतांशी चमकदार प्लॅस्टिकच्या पट्टीने विणतात आणि त्यामुळे ती स्वस्त झाली आहे. युरोपात झाडावर सोडल्या जाणाऱ्या झिरमिळ्याही मुळात चांदीच्या पातळ पट्ट्यांच्या होत्या, तेव्हा गोट्याची गुंडाळी आणली की विलायती झिरमिळीची गरज उरत नाही. सांगानेरी छापाची कतरन ओळखीच्या शिंप्याकडून मागून आणता येते. तिचे तळहाताएवढे पक्षी शिवून आत कापूस भरावा आणि तीन-चार पक्षी एका दोऱ्यात ओवून खाली घुंगरू बांधावे, जशा लड्या जयपूरच्या दुकानांत दारावर टांगण्यासाठी विकल्या जातात. मणिहारों का रास्ता या गल्लीतील लाखेच्या बांगड्या फांदीवर सुंदर दिसतात, पण लाख उष्णतेने मऊ पडते म्हणून त्यांना दिव्यांपासून दूर ठेवावे. डिसेंबरात नागपूरची आणि झालावाडची संत्री बाजारात येतात. त्यांच्या पातळ चकत्या कोरड्या हवेत काही दिवस उन्हात वाळवल्या की त्या रंगीत काचेसारख्या पारदर्शक होतात, आणि दालचिनीच्या तुकड्यासोबत टांगल्या तर खोलीला वासही लागतो. निळी पॉटरी, जी मातीऐवजी गारेची पूड, काच आणि मुलतानी माती यांपासून होते आणि जिचे विसाव्या शतकातील पुनरुज्जीवन कृपालसिंह शेखावत यांच्या नावाशी जोडलेले आहे, ती मात्र महाग आहे. दरवर्षी एकच नग घेण्याचा नियम केला तर दहा वर्षांत संग्रह होतो.

नाताळगोठा, म्हणजे येशूजन्माचा देखावा, मांडण्याची प्रथा संत फ्रान्सिस असिसीकर यांनी १२२३ मध्ये इटलीतील ग्रेचो या खेड्यात उभारलेल्या जिवंत देखाव्याशी जोडली जाते. त्या वेळी गोठ्यात होते ते गवत, एक बैल आणि एक गाढव. म्हणजे या देखाव्याचा मूळ स्वभावच साधेपणाचा आहे. असे असूनही भारतातील अनेक गोठ्यांवर कापसाचा बर्फ पसरलेला असतो, आणि ज्या शहरात थंडीच्या रात्रीही तापमान शून्याच्या बरेच वर असते तेथे तो थोडा विनोदी वाटतो. बेथलेहेमचा कोरडा, खडकाळ परिसर राजस्थानला अधिक जवळचा आहे, तेव्हा जमिनीसाठी वाळू आणि छपरासाठी बाजरीचा कडबा घेणे स्वस्त तर आहेच, शिवाय कथेला अधिक धरून आहे. ज्यांना बर्फ हवाच असेल त्यांनी तो रजई भरणाऱ्याकडून मूठभर पिंजलेल्या कापसाच्या रूपाने आणावा, मात्र पणतीच्या किंवा मेणबत्तीच्या जवळपासही पसरू नये.

गोव्यातील घरांत गोठ्यातली शेते दाखवण्यासाठी तबकांत नाचणी पेरून तिचे कोवळे अंकुर मांडतात. महाराष्ट्रातील घटस्थापनेचे धान आणि राजस्थानात गणगौरीला पेरले जाणारे जवारे यांचीच ही बहीण म्हणता येईल. जयपूरच्या थंडीत नाचणीपेक्षा गहू किंवा जव बरे. रात्रभर भिजवलेले दाणे मातीच्या पसरट भांड्यात दहा-बारा दिवस आधी पेरून, रोज पाणी शिंपडून, दुपारी उन्हात ठेवले तर २४ डिसेंबरपर्यंत बोटभर हिरवळ उभी राहते. मूर्तींच्या बाबतीत सर्वाधिक खर्च होतो, कारण साच्यातील रंगवलेल्या मूर्तींचा पूर्ण संच विकत घ्यावा लागतो. त्याऐवजी मारिया, योसेफ आणि बाळ एवढ्या तीनच मूर्ती कुंभाराकडच्या मातीतून घरी घडवाव्यात आणि पूर्वेकडून आलेल्या तीन राजांच्या जागी कठपुतळ्या उभ्या कराव्यात. राजस्थानी कठपुतळीला लाकडी डोके, फेटा, मिशा आणि पायांऐवजी लांब घोळदार झगा असतो, त्यामुळे दुरून प्रवास करून आलेल्या राजांचा थाट तिच्यात मुळातच आहे. उंट तर जयपूरच्या कुठल्याही खेळण्यांच्या दुकानात मिळतो. अंगणात किंवा उंबऱ्यापुढे गेरूने सारवून खडूच्या द्रावणाने मांडणा, म्हणजे राजस्थानची बोटाने काढायची रांगोळी, काढली आणि त्यात आठ टोकांची चांदणी घेतली की प्रवेशाची सजावट पूर्ण होते. झेंडू त्या दिवसांत स्वस्त असल्यामुळे दाराला एक माळ घालायलाही हरकत नाही.

६ जानेवारीनंतर सजावट उतरवण्याचे काम बहुतेक घरांत घाईने उरकले जाते, आणि पुढच्या वर्षीचा खर्च खरे तर तेथेच ठरतो. विद्युतमाळा पुठ्ठ्याच्या तुकड्यावर गुंडाळाव्यात म्हणजे वायर पिळत नाही. कापडी पक्षी कडुनिंबाच्या वाळलेल्या पाल्यासोबत डब्यात ठेवावेत. हातकागदाचे तारे घडी मिटवून पुस्तकांखाली सपाट ठेवावेत. मोठ्या ताऱ्याचा कागद सोलून काढून सांगाडा तसाच माळ्यावर टाकला तर पुढच्या डिसेंबरात फक्त पतंगी कागदाचे चार-पाच ताव आणि वाटीभर खळ एवढेच नव्याने लागते, आणि गव्हाचे अंकुर तर त्याच आठवड्यात शेजारच्या गायीला घालता येतात.